बंड, उठाव, एल्गार, लढा : आपल्या भागातल्या लढवय्यांसाठी कोणता शब्द?

खाडीकाठ
आमच्या कळव्याच्या वाचनालयात जानेवारीत एक छोटं प्रदर्शन लावायचं ठरलंय. जुना ठाणे जिल्हा आणि जुना कुलाबा जिल्हा, या पट्ट्यात सरकारसमोर, सावकारासमोर, खोतासमोर (गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारासमोर) जी माणसं उभी राहिली, ती शाळेतल्या मुलांना कळावीत एवढाच हेतू आहे.

फलक पाच आहेत. पहिला राघोजी भांगरे यांचा. ते अकोले तालुक्यातल्या देवगावचे, पण त्यांना फाशी झाली आपल्या ठाण्याच्या तुरुंगात, २ मे १८४८ रोजी. दुसरा चिरनेरचा जंगल सत्याग्रह, २५ सप्टेंबर १९३०. तिसरा चरीचा शेतकरी संप, १९३३ ते १९३९. चौथा वारल्यांचा, १९४५ पासून पुढचा. पाचवा उरणकडच्या जासई-नवघरच्या शेतकऱ्यांचा, सरकार घेत असलेल्या जमिनींसाठीचा, जानेवारी १९८४.

सगळ्याला मिळून मी ‘बंड’ असं नाव सुचवलं आणि बैठकीत तीन तट पडले. आमचे एक निवृत्त शिक्षक म्हणाले, बंड हा राज्यकर्त्यांचा शब्द आहे, आपण ‘उठाव’ म्हणावं. तरुण मंडळींना ‘एल्गार’ हवाय. उरणकडच्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, ‘आमच्या माणसांनी बंड नाही केलं, स्वतःची जमीन मागितली.’ त्यांच्या बोलण्यावर कोणाला काही उत्तर सुचलं नाही.

माझं मत अजून बंडाकडेच झुकतं. शब्द छोटा आहे, उच्चारायला कणखर आहे, आणि त्यात कोणाची परवानगी मागितल्याचा भाव नाही. पण ज्यांचा विषय आहे त्यांनाच तो खटकत असेल तर हट्ट कशाला? इथे भाषेचा अभ्यास असलेली आणि त्या त्या गावांतली माणसं आहेत, म्हणून विचारते. ‘बंड’ या शब्दाचा आज नेमका काय अर्थ घेतला जातो?

ओळंबा
चांगला धागा. जरा सविस्तर लिहितो.

‘बंड’ या एकट्या शब्दात वाईट काही नाही. पंचाईत होते ती ‘बंडखोर’ म्हटल्यावर. ‘खोर’ हा प्रत्यय फारसीतून आला, मुळात ‘खाणारा’ या अर्थाचा. मराठीत तो कोणाकोणाला लागतो ते बघा : चुगलखोर, भांडखोर, लाचखोर, नफेखोर, घुसखोर, दंगेखोर. म्हणजे ज्याला एखाद्या वाईट गोष्टीची सवय किंवा चटक आहे तो. बंडखोर या शब्दाला या रांगेतच जागा मिळाली. कंपनी सरकारच्या लेखी राघोजी भांगरे दरोडेखोर होते, तिथेही तोच प्रत्यय. न्याय मागायला उठलेल्या माणसाला ‘खोर’ लावलं की त्याने एकदा केलेली कृती त्याची खोड ठरते. तुमच्या फलकांवर बंड राहिलं तरी ‘बंडखोर’ अजिबात येऊ देऊ नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. बंडाचं कोण काय करतं? करणारा बंड करतो, पुकारतो, बंडाचं निशाण उभारतो. इथपर्यंत ठीक. पण त्यापुढची सगळी क्रियापदं समोरच्याची आहेत. बंड मोडलं, चिरडलं, शमवलं, बंडाचा बीमोड केला. ‘बंड जिंकलं’ असं मराठीत आपण म्हणत नाही. जिंकल्यावर त्याला क्रांती म्हणतात किंवा राज्य म्हणतात. हा शब्द वापरला की वाचणाऱ्याच्या मनात शेवट आधीच ठरलेला असतो.

म्हणूनच १८५७ चं नाव पिढीगणिक बदलत गेलं. माझ्या आजोबांच्या तोंडी ‘शिपायांचं बंड’ होतं, त्याआधीचे लोक ‘शिपाईगर्दी’ म्हणत, माझ्या पुस्तकात ‘उठाव’ आला, आणि ‘स्वातंत्र्यसमर’ म्हणणारेही होतेच. घटना एकच. मात्र ‘बंड’ म्हणणारे सगळे इंग्रजांच्या बाजूचे होते असंही नाही. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्या धामधुमीत झाशीत होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ सत्तावन्नच्या बंडाची हकीकत म्हणूनच ओळखला जातो, आणि त्यात झाशीच्या राणीबद्दल आदरच आहे. तेव्हा तुमच्या शिक्षकमित्रांचा आक्षेप अर्धाच खरा. हा शब्द राज्यकर्त्यांनी वापरला, तसा साध्या माणसांनीही वापरला.

घाऊक बाजार
मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये वर्षानुवर्षं काम करतोय, त्यामुळे ‘उठाव’ हा शब्द दिवसातून कितीतरी वेळा कानावर येतो. ‘आज मालाला उठाव नाही’, ‘लसणाला उठाव चांगलाय’. उठाव म्हणजे माल उचलला जाणं, मागणी. आमच्याकडे येणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात हा शब्द ऐकून आशा किंवा धास्ती येते ती भावाची.

तक्रार म्हणून हे सांगत नाही. मला उलट हा शब्द आवडतो, कारण त्यात ‘उठणं’ आहे. बसलेला माणूस उठला, वाकलेला ताठ झाला. कोणाला मारायला निघाला असं त्यात नाही. बंडात हत्यार दिसतं, उठावात माणूस दिसतो.

पारसिक
उठाव या शब्दाबद्दल एक अडचण मांडतो, कोणाच्या बाजूने बोलत नाही. जून २०२२ मध्ये राज्यात जे राजकारण झालं त्याचं केंद्र आपलं ठाणेच होतं. वर्तमानपत्रांनी ‘बंड’ छापलं, गेलेल्यांनी ‘बंड नव्हे, उठाव’ म्हटलं, आणि राहिलेल्यांनी ‘गद्दारी’ म्हटलं. तीन शब्द, तीन बाजू. ठाण्यात आज ‘उठाव’ असा मोठा फलक लावलात तर दारातून आत येणाऱ्याच्या डोक्यात राघोजी येणार नाहीत, २०२२ येईल.

बंडाची तर त्याहून वाईट गत झालीय. महापालिकेची निवडणूक आली की तिकीट न मिळालेला प्रत्येक जण ‘बंडखोर’. अर्ज मागे घेतला की मथळा ठरलेला, ‘बंडोबांचा थंडोबा’. ज्या शब्दासाठी लोक फासावर गेले तो आता अर्ज माघारीच्या मुदतीत दुपारी तीनपर्यंत टिकतो. मला याचा मनापासून त्रास होतो. कोर्ट नाक्याजवळून तुरुंगाच्या भिंतीकडे बघत जाताना हे फार जाणवतं. तिथे राघोजींना फाशी दिली, आणि १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना. त्याच रस्त्यावर निवडणुकीत ‘बंडखोर उमेदवार’ असा मजकूर वाचायला मिळतो.

संपादक मंडळ
चर्चा शब्दाच्या वापरावर आहे तोवर राजकीय उदाहरणं चालतील. पक्षांची बाजू मांडणारे प्रतिसाद कृपया वेगळ्या धाग्यावर.

ऐरोली सेक्टर
मी ‘एल्गार’वाल्यांपैकी. बाकी सगळे शब्द आता थकले आहेत असं माझं मत. लढा म्हटलं की ‘लढा मधुमेहाशी’ आठवतो. आंदोलन म्हटलं की वाहतूक कोंडीची बातमी. एल्गार उच्चारला तरी अंगात काहीतरी संचारतं. सुरेश भटांनी आपल्या गझलसंग्रहाला हेच नाव दिलं. मोर्च्यांच्या बॅनरवर कामगार, शेतकरी, विद्यार्थी सगळेच तो वापरतात. तरुणांना आत आणायचं असेल तर तरुणांचा शब्द घ्या.

ओळंबा
@ऐरोली सेक्टर, तुमची भावना पटते, पण अर्थ तपासून घ्या. एल्गार म्हणजे जोराची चढाई, घोडदळाचा वेगवान हल्ला. तुर्की-फारसीकडून आलेला लष्करी शब्द. हिंदी-उर्दूत ‘यलगार’. त्यात पुढे चाल करून जाणं आहे. मोर्चासाठी तो शोभतो, कारण मोर्चा चालून जातो. (गंमत अशी की ‘मोर्चा’ हाही लष्करी शब्द, तटबंदीवरच्या तोफेच्या जागेचा.) पण तुमचे पाच फलक बघितले तर चढाई करून कोण गेलं होतं? चरीचे शेतकरी तर घरी बसले होते. जमीन कसणार नाही म्हणाले, आणि वर्षानुवर्षं कसली नाही. त्याला एल्गार कसं म्हणणार?

ऐरोली सेक्टर
हे मान्य. चरीचा विचार मी केला नव्हता.

भातखाचर
चरीचा उल्लेख आलाच आहे तर थोडं लिहितो, आमचे पूर्वज त्यात होते.

अलिबाग तालुक्यातलं चरी. ऑक्टोबर १९३३ मध्ये तिथल्या सभेत कुळांनी ठरवलं की खोताची जमीन यापुढे करायची नाही. नेते नारायण नागू पाटील. आजूबाजूच्या गावांनीही तेच केलं. भात पिकवणाऱ्या माणसाने भात पिकवायचं बंद करायचं म्हणजे काय, याची कल्पना शहरात बसून येत नाही. घरात दाणा नसायचा. माणसं लाकूडफाटा विकायची, मिळेल ती मजुरी करायची, पण खोताच्या बांधावर पाय ठेवायची नाहीत. सहा वर्षं. बाबासाहेब आंबेडकरांनी या शेतकऱ्यांना पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे कुळांना कायद्याचं संरक्षण मिळण्याची वाट तिथूनच निघाली.

आमच्याकडे याला कधीच कोणी बंड म्हटलेलं नाही. ‘चरीचा संप’ एवढंच. संप म्हणजे काम बंद हा अर्थ आज पक्का झालाय, पण जुन्या मराठीत संप म्हणजे एकी, एकमत. आमच्या सोसायटीतले गुजराती शेजारी आजही ‘कुटुंबात संप आहे’ असं कौतुकाने म्हणतात. माझी विनंती आहे की तिसऱ्या फलकावर संप हाच शब्द मोठ्या अक्षरात ठेवा आणि खाली त्याचा हा जुना अर्थ लिहा. सहा वर्षं उपाशी राहायला धाडस लागतं, पण धाडसापेक्षा जास्त एकी लागते.

खाडीकाठ
@भातखाचर, हे तसंच्या तसं फलकावर घेते. वाचून गलबलून आलं.

तांबडी वाट
चौथ्या फलकाबद्दल. माझी नोकरी तलासरी भागात झाली, तेव्हा तो ठाणे जिल्हाच होता. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला.

पुस्तकांत ‘वारल्यांचा उठाव’ किंवा ‘वारल्यांचं बंड’ असं दोन्ही सापडेल. पण तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोललात तर ती म्हणतात ‘लाल बावटा आला तेव्हा’. काळ मोजायचं तेच माप. बावटा यायच्या आधी आणि आल्यावर. आधी काय होतं? वेठ होती, म्हणजे जमीनदाराच्या घरी फुकट राबणं. लग्नगडी होते, म्हणजे लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी जमीनदाराकडे जन्मभर बांधून राहणं. १९४५ च्या सुरुवातीला टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथे वारली आले होते. मग गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर पाड्यापाड्यांत गेले, आणि वारली एकमुखाने म्हणाले, वेठ करणार नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. तरी वेठ परत आली नाही.

यात हत्यार कुठे आहे? एक नकार आहे. ‘करणार नाही’ हे वाक्य त्या माणसांनी त्याआधी जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. मालकासमोर मान वर करून बघायचीही सोय नव्हती. त्यांच्या दृष्टीने ते वाक्य उच्चारणं हेच अचाट होतं. त्यामुळे मला बंड, उठाव दोन्ही चालतील, पण फलकावर ‘वेठ करणार नाही’ हे शब्द हवेत.

दास्तान
धागा सुरुवातीपासून वाचतेय. तुमच्या बैठकीतल्या बाई कोण ते मला ठाऊक नाही, पण त्या आमच्याच तिकडच्या असणार. त्यांच्या बाजूने लिहिते.

सिडको १९७० साली आली आणि ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. आज ज्याला नवी मुंबई म्हणतात ती भातशेती होती, मिठागरं होती, खाडी होती. लोकांचं म्हणणं होतं की शहर वसवा, पण ज्यांची जमीन त्यांना योग्य मोल द्या आणि त्या शहरात वाटा द्या. या लढ्याचे नेते दि. बा. पाटील वकील होते, आमदार-खासदार होते. निवेदनं, सभा, विधानसभेतली भाषणं, सगळं कायद्याच्या चौकटीत झालं. आणि मग १६ आणि १७ जानेवारी १९८४. जासईजवळ दास्तान फाट्याला आणि नवघरला गोळीबार झाला. पाच शेतकरी गेले. बायका पुढे होत्या, पोरं कडेवर घेऊन.

आमच्या घरात त्याला काहीही नाव नाही. मोठी माणसं नुसतं ‘चौऱ्याऐंशी’ म्हणतात. ‘चौऱ्याऐंशीला तुझी आजी तिथे होती.’ बास. ऐकणाऱ्याला कळतं.

‘बंड’ मला का खुपतं ते सांगते. बंड कोणाविरुद्ध करतात? ज्याचं राज्य मान्य नाही त्याच्याविरुद्ध. राघोजींना कंपनीचं राज्यच मान्य नव्हतं, त्यांचं ते बंड, आणि ते मी अभिमानाने म्हणेन. शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांना इंग्रजांचं राज्य मान्य नव्हतं, त्यांचंही बंडच. पण १९८४ साली राज्य आमचंच होतं. मतं आम्हीच दिली होती. त्या सरकारला आमच्या लोकांनी सांगितलं की आम्हीही तुमचेच आहोत, आम्हाला विचारा. गोळी लागून पडलेल्या माणसाला बंडवाला म्हटलं तर गोळी घालणाऱ्याचं म्हणणं थोडं खरं ठरतं. ते मला कदापि मान्य नाही. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन विकसित करून मूळ मालकाला परत देण्याची योजना आली ती या रक्तामुळे. बंड मोडतात, ओळंबादादा म्हणाले तसं. हा लढा मोडला नाही.

ओळंबा
@दास्तान, इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं. राज्य मान्य नाही ते बंड, राज्य आपलं मानून हक्क मागायचा तो लढा. कोशात हा फरक असा मिळायचा नाही, पण वापरात तो आहे. चिरनेरलाही हाच निकष लावून बघतो. अक्कादेवीच्या डोंगरावर जमलेल्या लोकांना इंग्रजी राज्य नको होतं, म्हणजे तुमच्या हिशेबाने ते बंड. पण त्यांनी स्वतः निवडलेला शब्द सत्याग्रह. कोयते होते ते लाकूड तोडायला, जंगलाचा कायदा मोडायला. आठ जण हुतात्मे झाले. तिथे त्यांचा शब्द बदलायचा आपल्याला अधिकार नाही.

पारसिक
अनुमोदन. मग ‘विद्रोह’चा विचार झाला का? त्याच्या पोटात ‘द्रोह’ आहे, तरी दलित साहित्याने तो शब्द असा उचलला की आज ‘विद्रोही’ म्हटलं की मान ताठ होते. शब्दाला लागलेला डाग धुता येतो याचं ते मोठं उदाहरण आहे. बंडाचंही तसं करता येईल.

तांबडी वाट
करता येईल, पण ते ज्यांचं त्यांनी करायचं. दलित लेखकांनी तो शब्द स्वतःसाठी घेतला, कोणी बाहेरून दिला नाही.

खाडीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल परत बैठक झाली, त्या बाईंनाही हा धागा वाचून दाखवला. ठरलं ते असं :

पाचांना मिळून एकच नाव द्यायचं नाही. प्रत्येक फलकावर त्या त्या लोकांचा शब्द. राघोजींचं बंड. चिरनेरचा सत्याग्रह. चरीचा संप. वारल्यांच्या फलकावर ‘वेठ करणार नाही’. पाचव्यावर फक्त ‘चौऱ्याऐंशी’, आणि खाली लहान अक्षरांत १६ व १७ जानेवारी १९८४.

दारावर काहीतरी लागणारच, म्हणून ‘नमतं घेतलं नाही’ असं लिहितोय. ही सूचना त्या बाईंचीच. यावर आमच्या शिक्षकमित्रांनी विचारलं की साडेबारा टक्क्यांवर तडजोड झाली ती नमतं घेणं नव्हे का? बाई म्हणाल्या, ‘देणारा नमला, घेणारा नाही.’ मग कोणी वाद घातला नाही. मुलांना वाचायलाही सोपं आहे, आणि २०२२ ची आठवण होणार नाही.

‘बंडखोर’ आणि ‘दरोडेखोर’ या शब्दांवर एक छोटी पाटी राघोजींच्या फलकाशेजारी लावतोय. मजकूर @ओळंबा यांचा.

ऐरोली सेक्टर
छान झालं. उभारणीला आमचा गट येईल, पायऱ्यांवरून फलक वर न्यायला माणसं लागतील ना?

खाडीकाठ
नक्की लागतील, दुसरा मजला आहे. फलक शुक्रवारी छपाईला जातात. त्याआधी कोणाला काही बदल सुचत असेल तर सांगा.

दास्तान
एकच. तुम्ही खाजगी निरोपातून पाठवलेल्या पाचव्या फलकाच्या मजकुरात तीन ठिकाणी ‘प्रकल्पग्रस्त’ लिहिलंय. तिथे ‘शेतकरी’ करा. प्रकल्पग्रस्त हे त्यांना नंतर कागदावर मिळालेलं नाव आहे. त्या दिवशी रस्त्यावर उभे होते ते शेतकरी होते, आणि मिठागरातले, खाडीतले लोक होते.

खाडीकाठ
तिन्ही ठिकाणी बदललं. मिठागर आणि खाडीही घातली.